आधी पत्रा, मग पक्षी

पक्षी पंख मारतो तेव्हा आत खांद्याचं हाड कसं फिरतं? अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठात ते दोन बाजूंनी एकाच वेळी क्ष-किरणांची चित्रफीत घेऊन पाहतात. पण पक्षी यायच्या आधी यंत्राची नजर तपासावी लागते. प्रतिमा उजळवणाऱ्या नळीत चित्र कडेला वाकतं, म्हणून समान अंतरावर भोकं पाडलेला पत्रा समोर लावतात. भोकांच्या ओळी जितक्या वाकड्या दिसतील, तितका बाक संगणक काढून टाकतो. मग पारदर्शक ठोकळा, त्यात पोलादी मणी, प्रत्येकाची जागा मोजलेली. त्यावरून दोन्ही कॅमेऱ्यांचे कोन ठरतात. नंतर नळीला धक्का लागला, तर ठोकळा पुन्हा ठेवायचा! हा काटेकोरपणा मला फार मोलाचा वाटतो; हाडात बसवलेल्या टँटलमच्या मण्यांची हालचाल ०.१ मिलिमीटरपर्यंत कळते ती त्यामुळेच.