ऐंशीच्या उंबरठ्यावरचा तरुण इंडी

पोत्यानं झाकलेलं डोकं. नाझी सैनिक पोतं ओढून काढतात आणि समोर येतो ऐन भरातला हॅरिसन फोर्ड. 'इंडियाना जोन्स अँड द डायल ऑफ डेस्टिनी' (२०२३) या जेम्स मॅनगोल्डच्या चित्रपटाची पहिली पंचवीसेक मिनिटं १९४४ सालात घडतात. २०२१ मध्ये चित्रीकरण सुरू झालं तेव्हा फोर्ड ऐंशीला टेकला होता, आणि या प्रसंगातला अभिनयही बव्हंशी त्याचाच आहे.

त्याला पडद्यावर तरुण करण्याचं काम केलं इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या कंपनीनं. जॉर्ज लुकासनं ती १९७५ साली 'स्टार वॉर्स'साठी उभी केली. तिच्या हाताशी मोठं घबाड होतं: १९८१, १९८४ आणि १९८९ च्या इंडी-पटांची लुकासफिल्मनं जपलेली फिल्म, चित्रपटात न वापरलेल्या तुकड्यांसकट. त्यात फोर्डचा चेहरा नाना कोनांतून, नाना प्रकाशांत टिपलेला. आज फोर्डनं भुवई उंचावली, तर तीच भुवई तरुणपणी कशी उंचावायची, हे संगणक या साठ्यातून शोधून काढतो. पण तेवढ्यानं भागत नाही. डोक्याची पूर्ण त्रिमितीय प्रतिकृतीही बनवावी लागते, आणि कुठल्या फ्रेममध्ये यातलं किती घ्यायचं, हे कलाकाराच्या नजरेनंच ठरतं. मशालीचा उजेड गालावरून सरकताना सावली नाकाच्या नेमक्या कुठल्या बाजूला पडते, यावर माणसं दिवसचे दिवस घालवतात. प्रसंग रात्रीचा ठेवल्यानंही बरंच निभावलं असावं.

याआधी 'ट्रॉन: लेगसी'मध्ये (२०१०) तरुण जेफ ब्रिजेस मेणासारखा गुळगुळीत दिसला होता. 'द आयरिशमन'मध्ये (२०१९) याच कंपनीनं मुख्य कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंना अवरक्त किरणांत टिपणारे कॅमेरे लावले, त्यामुळे नटांच्या चेहऱ्यावर ठिपके चिकटवावे लागले नाहीत. चेहरा साधला, पण शरीर बधलं नाही. दुकानदाराला रस्त्यावर लाथा मारणारा रॉबर्ट डी निरो दिसायला तरुण. पाय मात्र सत्तरी ओलांडलेल्या माणसाचे.

इंडीच्या बाबतीत घात केला आवाजानं. ओठ हलतात चाळिशीतले आणि शब्द येतात ते खरखरीत, वय झालेल्या गळ्यातून. एवढा खटाटोप करून आवाज तसाच ठेवला, याचं मला खरंच वाईट वाटतं. कारण प्रेक्षक डोळ्यांनी फसतो, कानांनी सहसा फसत नाही.

याउलट, संगणकाशिवाय केलेली जुनी करामत पाहा. याच मालिकेतल्या १९८१ च्या 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क'मध्ये नाझी हस्तकाचा चेहरा वितळतो, तो जिलेटिनचा होता. ख्रिस वॉलस यांनी कवटीवर थर चढवले, उष्णता दिली आणि कॅमेरा अगदी संथ चालवला. पडद्यावर काही सेकंदांत मांस ओघळलं. नकली आहे हे ठाऊक असूनही आजही अंगावर काटा येतो, कारण कॅमेऱ्यासमोर खरोखरच काहीतरी वितळत होतं.

'डायल ऑफ डेस्टिनी'तला माझा सर्वांत आवडता क्षण तरुण इंडीचा नाहीच. १९६९, न्यूयॉर्क. शेजाऱ्यांच्या गाण्याच्या धिंगाण्यानं म्हातारा इंडी चड्डीवर, उघड्या अंगानं उठतो. सुरकुतलेली छाती, सैल पडलेली कातडी, आणि तावातावानं जाब विचारायला निघालेला तोच हट्टी प्राध्यापक. मॅनगोल्डनं इथं काही झाकलेलं नाही, फोर्डनंही नाही. आधीच्या पंचवीस मिनिटांतली सगळी करामत पाहून झाल्यावरही, इंडी मला खऱ्या अर्थानं भेटला तो इथं.