चुंबकीय क्षेत्र : अदृश्य, पण अलौकिक नव्हे

चुंबकीय क्षेत्राचा पाठ सुरू झाला की वर्गातला एखादा विद्यार्थी हटकून विचारतो, "सर, हे क्षेत्र दिसत नाही, तरी आपण ते मानतो. मग न दिसणारा देव का मानायचा नाही?" आम्ही इतिहास शिकवतो, तरीही निवासी शाळेत असा प्रश्न विज्ञानाच्या तासापुरता राहत नाही, तो रात्रीच्या अभ्यासिकेत आमच्यापर्यंत येतो. रोजच्या वंदनेत 'एहिपस्सिको', म्हणजे 'या आणि पाहा', हा शब्द उच्चारणाऱ्या मुलांनी तो विचारावा, हे योग्यच आहे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अलौकिकावरील विश्वासाला अधम्म ठरवले आहे. म्हणूनच अदृश्य आणि अलौकिक यांतील भेद आपल्या घराघरांत स्पष्ट असला पाहिजे.

लोहचुंबकाभोवतीही एके काळी अलौकिकाचे दाट धुके होते. लसूण चोळला की चुंबकाची शक्ती नाहीशी होते, असे युरोपातील विद्वान शतकानुशतके लिहीत आले. एकाने लिहिले म्हणून दुसऱ्याने लिहिले. लसूण मात्र फारसा कोणी आणला नाही. इटलीच्या पोर्ता याने १५८९ च्या आपल्या ग्रंथात हा प्रयोग नोंदवला. लसूण खाऊन चुंबकावर श्वास सोडला, ढेकर दिला, शेवटी चुंबकाला लसणाचा रस माखला. चुंबक लोखंड पूर्वीसारखेच ओढत राहिला. पुढे १६०० मध्ये इंग्लंडच्या विल्यम गिल्बर्टने पृथ्वी स्वतःच एक प्रचंड चुंबक आहे, हे प्रयोगांच्या आधारे मांडले.

मग क्षेत्र म्हणजे काय? चुंबकाभोवतीच्या प्रत्येक बिंदूला चुंबकीय प्रभावाचे एक परिमाण आणि एक दिशा असते. त्या साऱ्यांना मिळून आपण क्षेत्र म्हणतो. चुंबकावर कागद ठेवून लोहकीस भुरभुरवावा व कागदाला हलकी टिचकी मारावी. कीस वक्राकार ओळींत मांडला जातो. जेथे ओळी दाट, तेथे क्षेत्र प्रबळ. दिशा चुंबकसूची सांगते. येथे एक सावधगिरी हवी : बलरेषा या आपण काढलेल्या आहेत, निसर्गात अशा सुट्या रेषा नसतात. नकाशावरील समोच्चरेषा डोंगरावर कोठे दिसतात? पण डोंगर असतो. चुंबकाचे दोन तुकडे केले तर उत्तर व दक्षिण ध्रुव वेगळे होत नाहीत, दोन पूर्ण चुंबक मिळतात.

१८२० मध्ये डेन्मार्कच्या ओर्स्टेडला दिसले की विद्युतप्रवाह वाहणाऱ्या तारेजवळ चुंबकसूची वळते. ती तारेकडे ओढली जात नाही, तारेला आडवी होऊ पाहते. या आडवेपणाने भल्याभल्यांना चकवले. त्याचा अर्थ लावण्यात मायकेल फॅरेडेचा वाटा मोठा. हा लोहाराचा मुलगा. शालेय शिक्षण जेमतेम लिहिण्या-वाचण्यापुरते. चौदाव्या वर्षी तो पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवार झाला आणि बांधणीला आलेली पुस्तके वाचून शिकला. उच्च गणित त्याला येत नव्हते, म्हणून त्याने बलरेषांतून विचार केला. १८३१ मध्ये बदलत्या चुंबकीय क्षेत्रातून वीज निर्माण होते, हे त्याने दाखवले. त्याच्या रेषांना गणिताचे रूप पुढे मॅक्सवेलने दिले. आमच्या समाजातील वाचकांनी फॅरेडेचे चरित्र अवश्य वाचावे.

आता बलाविषयी. स्थिर विद्युतप्रभारावर चुंबकीय क्षेत्राचे बल लागत नाही. प्रभार गतिमान असला पाहिजे, आणि त्याची गती बलरेषांना समांतर नसावी. बल लागते ते गती आणि क्षेत्र या दोहोंना लंब दिशेने. त्यामुळे प्रभाराचा मार्ग वळतो, वेग मात्र वाढत नाही. तारेतील प्रवाह म्हणजे असंख्य गतिमान प्रभार. म्हणून क्षेत्रात ठेवलेल्या तारेवरही बल लागते. मुलांच्या खेळण्यातील मोटार त्यावरच फिरते.

पालकांसाठी एक गोष्ट मुद्दाम. सांधेदुखीवर चुंबकाची कडी, पट्टे, गाद्या विकणारे गावोगाव फिरतात; 'रक्तातले लोह चुंबक ओढून घेतो,' असे सांगतात. रक्तातील लोह हा लोखंडाचा कीस नव्हे, ते हिमोग्लोबिनच्या रेणूत बांधलेले असते. एमआरआय यंत्राचे क्षेत्र बहुधा दीड टेस्ला किंवा अधिक असते, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या हजारो पट. त्यात रुग्ण अर्धा तास पडून राहतो. त्याचे रक्त एका बाजूला गोळा होत नाही. मग कड्याने काय होणार? ते पैसे मुलांच्या वह्यांना लागू द्यावेत.

न दिसणारे हे क्षेत्र किती काटेकोरपणे मोजता येते, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी होत असत. शहरात विजेची ट्राम येणार असे ठरले, तेव्हा ट्रामच्या प्रवाहाचे स्वतःचे क्षेत्र या नोंदी बिघडवणार हे उघड होते. तत्कालीन संचालक नानाभॉय मूस यांच्या कारकिर्दीत हे काम अलिबागला हलवण्यात आले. १९०४ पासून तेथे नोंदी सुरू झाल्या. दोन्ही ठिकाणची मापे जुळवून पाहता यावीत म्हणून काही काळ मुंबईतही त्या चालू ठेवल्या गेल्या. मुंबईत विजेची ट्राम धावली ती १९०७ मध्ये. अलिबागच्या इमारतीसाठी चुंबकीय गुण नसलेला पोरबंदरी दगड निवडून आणला होता. तेथे आजही नोंदी घेतल्या जातात.