विश्लेषण : सांडपाण्यातील जड धातू पकडले, पण पुढे काय?

क्रोम प्लेटिंग, चामडे कमावणे, बॅटरीनिर्मिती अशा उद्योगांच्या सांडपाण्यात क्रोमियम, शिसे, कॅडमियम हे जड धातू असतात. हे धातू पाण्यातून ओढून घेणाऱ्या ‘अधिशोषक’ पदार्थांवर जगभर संशोधन सुरू आहे. मात्र, धातू पकडले की प्रश्न सुटतो का?

जड धातू वेगळे का काढावे लागतात?
सेंद्रिय घाण जीवाणू खाऊन टाकतात. धातूचे तसे विघटन होत नाही. ते गाळात, पिकांत, माशांत साठत जातात. षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे, तर शिशाचा परिणाम मुलांच्या मेंदूवर होतो. नदी-नाल्यात सोडल्या जाणाऱ्या सांडपाण्यात या दोन्हींची कमाल मर्यादा प्रत्येकी लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे.

चुना टाकून भागत नाही?
चुन्यामुळे बरेचसे धातू साक्याच्या रूपाने तळाशी बसतात. षट्संयुजी क्रोमियमचे आधी त्रिसंयुजी रूपात रूपांतर करावे लागते. पण गाळ मोठ्या प्रमाणावर तयार होतो आणि पाण्यात उरलेला थोडा अंश काढणे अवघड जाते. हा अखेरचा अंश काढण्यासाठी अधिशोषण उपयोगी पडते.

अधिशोषण म्हणजे काय?
स्पंज पाणी आत शोषतो. अधिशोषणात मात्र धातूचे आयन पदार्थाच्या पृष्ठभागावर चिकटतात. त्यामुळे पृष्ठभाग जितका जास्त तितके चांगले. एक ग्रॅम सक्रिय कोळशातील सूक्ष्म छिद्रांचा पृष्ठभाग सुमारे १००० चौरस मीटर, म्हणजे कबड्डीच्या सात-आठ मैदानांएवढा असू शकतो. नारळाच्या करवंट्या, उसाची चिपाडे, भाताचे तूस यांपासूनही अधिशोषक बनवता येतात.

मग अडचण काय?
पाण्याची आम्लता महत्त्वाची ठरते. शिसे, कॅडमियमचे आयन धनभारित असतात; आम्ल फार वाढले तर हायड्रोजन आयन त्यांची जागा अडवतात. षट्संयुजी क्रोमियम ऋणभारित रूपात असते, त्याला उलट आम्लधर्मी पाणी मानवते. शिवाय प्रयोगशाळेत सहसा एकच धातू असतो. कारखान्याच्या पाण्यात क्षार, तेल, इतर धातूही असतात आणि सगळे त्याच जागांसाठी स्पर्धा करतात.

पकडलेल्या धातूचे काय होते?
खरा प्रश्न इथे आहे. अधिशोषण धातू नष्ट करत नाही, फक्त त्याची जागा बदलते. अधिशोषक आम्ल किंवा अल्कलीने धुऊन पुन्हा वापरता येतो, पण धुतलेल्या पाण्यात तोच धातू अधिक तीव्र प्रमाणात उतरतो. तो परत मिळवून वापरणे उत्तम. ते परवडत नसेल, तर २०१६च्या घातक कचरा नियमांनुसार विल्हेवाट आवश्यक आहे. महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरी येथे अशी केंद्रे आहेत. तमिळनाडूत राणीपेट येथे एका बंद कारखान्याच्या आवारात साठलेल्या कचऱ्यातून क्रोमियम भूजलात झिरपले. वापरलेला अधिशोषक उघड्यावर टाकला, तर पावसाळ्यात असेच घडू शकते.

त्यामुळे नव्या अधिशोषकाने ‘९९ टक्के धातू काढले’ असा दावा झाल्यास दोन गोष्टी विचारायला हव्यात : तो खऱ्या सांडपाण्यात किती वेळा वापरता येतो आणि शेवटी जातो कुठे?