डॅशबोर्डवरील आकडा आणि पंपावरील पावती

बंगळूरच्या बसवनगुडीत मोटार चालविणे हे संयमाचे काम आहे. केम्पेगौडाच्या काळातील ज्या नंदीच्या देवळावरून या वस्तीला नाव मिळाले, तेथे कार्तिकातील शेवटच्या सोमवारी शेंगांची जत्रा, म्हणजे ‘कडलेकाई परिषे’ भरते आणि आसपासच्या रस्त्यांवर वाहने अक्षरशः इंचाइंचाने सरकतात. एरवी गांधी बाजारातही स्थिती फार निराळी नसते. उभ्या मोटारीचे इंजिन तासाला साधारण अर्धा ते एक लिटर पेट्रोल जाळते. किलोमीटर मात्र शून्य. अशा वेळी डॅशबोर्डवर ‘सरासरी १५.१’ असा आकडा झळकत असेल, तर त्यावर कितपत विसंबावे, हा प्रश्न रास्त ठरतो. महिन्याचे अंदाजपत्रक त्याच आकड्यावर बेतलेले असल्यास तो अधिकच रास्त ठरतो.

हा आकडा टाकीतील पेट्रोल मोजून येत नाही. इंजेक्टर किती काळ उघडा राहिला यावरून मोटारीतील संगणक इंधनाचा अदमास बांधतो आणि चाकांच्या फेऱ्यांवरून अंतर काढतो. त्याचा भागाकार पडद्यावर दिसतो. थोडक्यात, ती एका पक्षाने स्वतःच्या वहीत केलेली नोंद आहे. तिचा ताळमेळ दुसऱ्या पक्षाच्या नोंदीशी, म्हणजे पंपावरील पावतीशी, घालावा लागतो.

रीत सोपी आहे. टाकी पूर्ण भरावी, नळी आपोआप बंद पडताच थांबावे आणि ट्रिप मीटर व सरासरीचा आकडा दोन्ही शून्यावर आणावेत. पुढील वेळी शक्यतो त्याच पंपावर, त्याच यंत्रापाशी टाकी पुन्हा भरावी. झालेले किलोमीटर, भरलेले लिटर आणि पडद्यावरील आकडा टिपून ठेवून पुन्हा शून्यापासून आरंभ करावा.

उदाहरणादाखल बसवनगुडीतील एका कुटुंबाच्या तीन नोंदी अशा आहेत असे समजू. पहिल्या खेपेस ४१२ किलोमीटर व २९.६ लिटर, पडद्यावर १५.१. दुसऱ्या खेपेस ३८८ किलोमीटर व ३०.८ लिटर, पडद्यावर १३.४. तिसऱ्या खेपेत म्हैसूरची फेरी असल्याने ५२० किलोमीटर व ३१.१ लिटर, पडद्यावर १७.९. एकूण १,३२० किलोमीटर आणि ९१.५ लिटर, म्हणजे प्रत्यक्षात लिटरला १४.४ किलोमीटर. पडद्यावरील आकड्यांप्रमाणे मात्र ८५.३ लिटरच लागावयास हवे होते, म्हणजे सरासरी १५.५. पडदा सुमारे ७ टक्के उदार निघाला.

येथे एक सापळा आहे. मराठी माणूस ‘गाडी ॲव्हरेज किती देते?’ असे विचारतो खरा, पण हे ॲव्हरेज काढताना प्रत्येक खेपेच्या आकड्यांची बेरीज करून तिनाने भागणे चूक आहे. १०० किलोमीटर लिटरला २० प्रमाणे आणि १०० किलोमीटर लिटरला १० प्रमाणे धावलेल्या मोटारीची सरासरी १५ नसून १३.३ असते, कारण पेट्रोल १५ लिटर जळालेले असते. एकूण किलोमीटरला एकूण लिटरने भागावे.

एकाच खेपेवरून निष्कर्ष काढणेही धोक्याचे. टाकी ‘पूर्ण’ होण्यात अर्ध्या लिटरचा फरक सहज पडतो. तीस लिटरांत तो पावणेदोन टक्क्यांच्या घरात जातो. सलग तीन खेपांत मात्र फक्त आरंभीची व अखेरची भरणी महत्त्वाची ठरते, मधल्या चुका परस्पर फिटतात आणि तोच फरक अर्ध्या टक्क्यावर येतो. पंपाच्या मापाविषयी शंका असल्यास ग्राहकाला पाच लिटरच्या मुद्रांकित मापाने तपासणी करून मागता येते. पाच लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंतची तफावत ग्राह्य मानली जाते. हा हक्क फारच थोडे ग्राहक बजावतात.

एक दोष मात्र या ताळमेळातही सापडत नाही. टायर झिजले की चाकाचा घेर घटतो, तितक्याच रस्त्याला फेऱ्या अधिक होतात आणि मीटर किलोमीटर वाढवून दाखवितो. पडदा व आपली वही दोन्ही त्याच मीटरवर विसंबून असल्याने दोन्ही सारख्याच फसतात. महामार्गावरील वीस किलोमीटरच्या दगडांशी मीटर पडताळून पाहणे हाच त्यावर उपाय.

आता मोठा प्रश्न, माहितीपत्रकातील आकड्याचा. तो पुण्याच्या ‘एआरएआय’सारख्या मान्यताप्राप्त संस्थेच्या प्रयोगशाळेत, मोटार रोलरवर चालवून मिळालेला असतो. वेगाचे चढउतार ठरलेले, कमाल वेग ताशी ९० किलोमीटर, वातानुकूलन बंद. इंधनाचा हिशेब धुरातील कार्बनवरून मांडला जातो. मोटारींची आपसांत तुलना करण्यास हा आकडा उत्तम, पण घरखर्चाच्या हिशेबास तो लावू नये. महिन्याला १,००० किलोमीटर धावणाऱ्या कुटुंबाने लिटरला २० किलोमीटर गृहीत धरले तर ५० लिटर लागतात, १४.४ धरले तर ६९ लिटरांहून अधिक. भाव सोयीसाठी लिटरला १०० रुपये मानला, तरी दरमहा सुमारे १,९०० रुपयांची तूट येते. मोटारकर्जाचा हप्ता ठरविताना ही रक्कम मोजली गेली नसेल, तर ती अन्य कोठून तरी काढावी लागते आणि बहुधा बचतीतूनच काढली जाते.

इथेनॉलमिश्रित पेट्रोलचाही विचार हवा. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात, मूळ शुद्ध पेट्रोलसाठी घडविलेल्या व १० टक्के मिश्रणास जुळविलेल्या चारचाकींचे मायलेज २० टक्के मिश्रणाने ६ ते ७ टक्क्यांनी घटेल असा अंदाज दिला होता. जुन्या मोटारीच्या मालकाने म्हणूनच जुन्या वहीवर न थांबता नव्याने तीन खेपा मांडाव्यात.

एकदा पडद्याची तफावत कळली की ‘अजून इतके किलोमीटर’ हा दिलासाही त्याच कात्रीने छाटता येतो. तो आकडाही बहुधा त्याच सरासरीवर बेतलेला असतो. म्हैसूरच्या वाटेवर पडदा ६० किलोमीटर सांगत असेल, तर वरील कुटुंबाने ५६ धरावेत आणि पुढचा पंप ५८ वर असल्यास अलीकडच्याच पंपावर थांबावे.