पाच मतांचा उमेदवार

जुलै १८९२. लंडनच्या सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातील मतमोजणी संपली, तेव्हा उदारमतवादी पक्षाच्या उमेदवाराला कॅप्टन पेंटन यांच्यावर अवघ्या तीन मतांची आघाडी मिळाली होती. फेरमोजणी झाली आणि तीनाची पाच मते झाली. सुमारे सहा हजार मतदानात पाच मते! ‘नवरोजी’ हे नाव इंग्रजी जिभेला उच्चारता येत नसे. ‘नॅरो मेजॉरिटी’, म्हणजे ‘निसटते बहुमत’, अशी त्याची गमतीदार मोडतोड तेथील लोकांनी लगोलग करून टाकली. दादाभाई नवरोजी त्या वेळी सहासष्ट वर्षांचे होते. ज्या वयात पेढीच्या किल्ल्या मुलांच्या हाती सोपवून माणसे निवृत्त होतात, त्या वयात हा मुंबईचा पारशी गृहस्थ परक्या देशात दारोदार मते मागत फिरला होता.

हे धाडस कोठून आले, ते पाहण्यासाठी मुंबईकडे वळावे लागते. १८२५ साली एका गरीब पारशी कुटुंबात दादाभाईंचा जन्म झाला. चार वर्षांचे असताना वडील वारले. आई माणेकबाई स्वतः निरक्षर, पण मुलाच्या शिक्षणाविषयी अत्यंत दक्ष. शाळेत फी नव्हती, म्हणूनच तो मुलगा शिकू शकला. आपले शिक्षण लोकांच्या पैशावर झाले, तेव्हा ते लोकांना परत केले पाहिजे, ही जाणीव विद्यार्थिदशेतच आपल्या मनात रुजली, असे त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेवले आहे. व्यापारी घरांना ही भाषा चटकन समजेल. घेतलेली उचल खात्यावर नोंदलेली होती, आणि ती फेडावयाची होती.

फेडीला आरंभ झाला १८४९ मध्ये. एल्फिन्स्टनच्या तरुण मंडळींनी मुंबईत मराठी व गुजराती मुलींसाठी शाळा काढल्या. हे तरुण स्वतःच विनावेतन शिकवीत. नाना शंकरशेट यांनी मुलींच्या शाळेसाठी आपली जागा दिली. मुली शिकल्या तर घर बुडेल, असे म्हणणारे शेठ-सावकार त्या काळी गल्लोगल्ली होते. दादाभाई त्यांच्या ओसरीवर जाऊन मुलींना पाठवा म्हणून विनवीत आणि बोलणी खात. तिशी गाठण्यापूर्वीच ते एल्फिन्स्टनमध्ये गणिताचे प्राध्यापक झाले. तो मान मिळालेले ते पहिले भारतीय.

आणि अशी प्रतिष्ठेची नोकरी सोडून १८५५ मध्ये ते व्यापारासाठी विलायतेस गेले. कामा मंडळींनी लंडन व लिव्हरपूल येथे पेढी उघडली होती. इंग्लंडमधील ती पहिली भारतीय पेढी. दादाभाई तिचे भागीदार झाले. धंदा चालला, नफाही होऊ लागला. पण पेढीच्या व्यवहारात मद्य होते आणि अफू होती. त्या नफ्यातील आपला वाटा त्यांनी नाकारला आणि अखेरीस भागीदारीही सोडली. १८५९ मध्ये त्यांनी स्वतःच्या नावाची, कापसाची पेढी काढली.

या प्रसंगामागे एक जुनी आठवण आहे. लहानपणी जेवणापूर्वी थोडे मद्य घेण्याची रीत त्यांच्या घरी होती. एके दिवशी घरातले मद्य संपले, म्हणून मुलाला समोरच्या दुकानात जाऊन घेऊन यावयास सांगितले. त्या दुकानात उभे राहताना जी लाज वाटली, तीच पुरेशी झाली; पुन्हा त्या गुत्त्याने त्यांचे तोंड पाहिले नाही. श्रावकाच्या पंधरा कर्मादानांत रसवाणिज्य आणि विषवाणिज्य वर्ज्य सांगितली आहेत. दादाभाई त्या परंपरेतले नव्हते. पण नफ्याच्या वहीत कोणता आकडा येऊ द्यावयाचा नाही, याचा त्यांचा निर्णय तोच होता. हातात आलेला वाटा नाकारणे म्हणजे काय, हे ज्याने गल्ला मोजला आहे त्यालाच नीट कळते.

कापसाचा व्यापार काही निर्विघ्न गेला नाही. अमेरिकेतील यादवी युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि मुंबईच्या अनेक पेढ्यांप्रमाणे त्यांच्या पेढीलाही मोठी झळ बसली. परंतु या व्यापारी वर्षांनी त्यांना एक सवय दिली: जमा आणि नावे यांचा मेळ घातल्याशिवाय बोलावयाचे नाही. हीच सवय त्यांनी साम्राज्याच्या हिशोबाला लावली. दरवर्षी हिंदुस्थानातून किती माल बाहेर जातो आणि त्याच्या बदल्यात किती परत येते, याचा ताळेबंद ते सरकारच्याच छापील आकड्यांवरून मांडीत. हिंदी माणसाचे सरासरी वार्षिक उत्पन्न वीस रुपये भरते, असा हिशोब त्यांनी १८६७-६८ च्या आकड्यांवरून काढला आणि तुरुंगातील कैद्याच्या शिध्याला किती खर्च येतो तो आकडा त्याच्या शेजारी ठेवला. याच मांडणीला पुढे ‘संपत्तीचे अपहरण’ असे नाव पडले.

हिशोब मांडून झाला, पण तो पाहावयाचा कोणी? मुंबई कायदेकौन्सिलात १८८५ मध्ये ते सरकारनियुक्त सभासद झाले होते. त्या कौन्सिलाच्या हाती काहीच नाही, हे त्यांना लवकरच उमगले. हिंदुस्थानचे अंदाजपत्रक ठरत होते वेस्टमिन्स्टरला. तेव्हा तेथेच बसावयास हवे! त्यांच्या आधी बंगालच्या लालमोहन घोष यांनी डेटफर्डमधून प्रयत्न केला होता, तो फसला. (१८४१ मध्ये डाइस सोम्ब्र नावाचे सरधन्याचे मिश्रवंशीय जहागीरदार सडबरीतून निवडून आले होते खरे, परंतु लाचखोरीमुळे ती निवडणूक रद्द ठरली. त्या कथेत अभिमानाने सांगण्यासारखे फारसे नाही.)

१८८६ मध्ये दादाभाई होलबर्नमधून उभे राहिले आणि १,९५० विरुद्ध ३,६५१ मतांनी पडले. पराभव सरळ होता. नंतर सेंट्रल फिन्सबरीच्या उदारमतवाद्यांनी त्यांना उमेदवारी दिली, पण पक्षातीलच प्रतिस्पर्धी मंडळींनी ती सहजी मान्य केली नाही. घरचा वाद वर्षानुवर्षे धुमसत राहिला. त्यातच नोव्हेंबर १८८८ मध्ये पंतप्रधान लॉर्ड सॅलिस्बरी एडिंबरोच्या सभेत होलबर्नच्या निकालावर बोलले. एखादा ब्रिटिश मतदारसंघ काळ्या माणसाला निवडून देईल अशी वेळ अजून आलेली नाही, अशा आशयाचे ते उद्गार होते. गंमत अशी की, दादाभाईंचा वर्ण खुद्द पंतप्रधानांपेक्षा उजळ आहे, असे वृत्तपत्रे लिहू लागली. ग्लॅडस्टन यांनी त्या उद्गारांचा निषेध केला. जानेवारी १८८९ मध्ये नॅशनल लिबरल क्लबात दादाभाईंच्या सन्मानार्थ भोजनसमारंभ झाला. सॅलिस्बरींच्या एका वाक्याने जे नाव उच्चारता येत नव्हते, ते घरोघर पोचविले.

त्या काळी पार्लमेंटच्या सभासदाला वेतन नव्हते. ते १९११ पासून सुरू झाले. निवडणूक अधिकाऱ्याचा खर्चसुद्धा उमेदवारांच्याच माथी असे. म्हणजे कार्यालय, पत्रके, सभा, सहा वर्षांचे लंडनमधील राहणे, सारे पदरचे. काही मदत हिंदुस्थानातील स्नेह्यांकडून व संस्थानिकांकडून आली. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी त्यांच्या उमेदवारीला पाठिंबा दिला.

मतदारांपुढे त्यांनी काय ठेवले, हे विशेष लक्ष देण्याजोगे आहे. क्लार्कनवेल हा त्या मतदारसंघाचा मुख्य भाग. घड्याळजी, जवाहिऱ्यांचे कारागीर, छापखान्यातील कामगार यांची दाट वस्ती. त्यांना हिंदुस्थानच्या दारिद्र्याचे आकडे ऐकविले असते तर सभा रिकामी झाली असती. दादाभाईंनी आयर्लंडच्या स्वराज्याचा, लंडनच्या नगरकारभारातील सुधारणेचा, कामगारांच्या कामाच्या तासांचा आणि स्त्रियांच्या मताधिकाराचा पुरस्कार केला. स्त्रियांना त्या निवडणुकीत मत नव्हते. तेव्हा या शेवटच्या मुद्द्यातून एकही मत मिळण्याची आशा नव्हती. हिंदुस्थानचा प्रश्न त्यांनी लपविला नाही, पण पहिली बांधिलकी फिन्सबरीशी आहे हे स्पष्ट सांगितले. मत ज्याचे घ्यावयाचे, त्याचे काम आधी. यात चतुराई होती असे कोणी म्हणेल. परंतु आयर्लंडची बाजू घेणारा माणूस हिंदुस्थानची बाजू मांडतो तेव्हा त्यात विसंगती उरत नाही, हेही तितकेच खरे.

निवडून आल्यावर त्यांनी शपथ घेतली ती खोर्देह अवेस्तावर. पुढच्याच वर्षी, २ जून १८९३ रोजी, सनदी सेवेची परीक्षा हिंदुस्थानात व इंग्लंडमध्ये एकाच वेळी घ्यावी, हा ठराव कॉमन्स सभेत ८४ विरुद्ध ७६ मतांनी संमत झाला. ठराव हर्बर्ट पॉल यांनी मांडला होता. पाठीमागचे श्रम दादाभाईंचे होते. सरकारने तो अमलात आणला नाही. हिंदुस्थानात ती परीक्षा सुरू व्हावयास १९२२ साल उजाडले.

१८९५ मध्ये फिन्सबरीने त्यांना पाडले. त्याच निवडणुकीत हुजूर पक्षातर्फे मंचरजी भावनगरी निवडून आले. ते राजसत्तेचे निष्ठावंत समर्थक आणि दादाभाईंच्या राजकारणाचे विरोधक. म्हणजे लंडनला पारशी उमेदवार चालत होता. दादाभाईंचे हिशोब चालत नव्हते, असे म्हटल्यास फारसे चुकणार नाही. तरी त्या हिशोबांचा पाठपुरावा संपला नव्हता. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करण्यासाठी १८९५ मध्ये वेल्बी आयोग नेमला गेला आणि त्यावर सभासद म्हणून दादाभाई बसले. १८९७ मध्ये त्या आयोगापुढे साक्ष देण्यास पुण्याहून गोपाळ कृष्ण गोखले गेले, मुंबईहून दिनशा वाच्छा गेले. सरकारी आकड्यांवरूनच सरकारला प्रश्न विचारावयाची जी रीत दादाभाईंनी घातली होती, तिच्यात तयार झालेले हे साक्षीदार होते.

जानेवारी १९०६ मध्ये वयाच्या ऐंशीव्या वर्षी दादाभाई पुन्हा नॉर्थ लँबेथमधून उभे राहिले. वारा उदारमतवाद्यांचा होता, पण पक्षाची अधिकृत उमेदवारी त्यांच्याकडे नव्हती, ते पडले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ते कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनाच्या व्यासपीठावर अध्यक्ष म्हणून बसले होते, आणि तेथे त्यांनी मागितले ते स्वराज्य.