नलिका, आंतरप्रक्रिया
संगणकात एकाच वेळी चालणाऱ्या दोन प्रक्रियांमध्ये माहितीचे एकदिश वहन करणारे परिचालन प्रणालीतील साधन. चालू अवस्थेतील आज्ञावलीस प्रक्रिया म्हणतात. प्रत्येक प्रक्रियेची स्मृती स्वतंत्र राखलेली असल्याने एकीची माहिती दुसरीस परस्पर वाचता येत नाही. त्यासाठी असा मार्ग लागतो. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण किनाऱ्यावरील माड-पोफळीच्या बागांत पूर्वी रहाटाने उपसलेले पाणी पन्हळीतून पाटात सोडीत. पन्हळीप्रमाणेच नलिकेतील प्रवाह एका दिशेने जातो व जे आधी आत येते तेच आधी बाहेर पडते.

बागेतील नळीचे तुकडे जोडावेत तशा आज्ञावल्या एकमेकींस जोडता याव्यात, ही कल्पना अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डग्लस मॅकिलरॉय यांनी १९६४ मध्ये मांडली. केन टॉमसन यांनी १९७३ मध्ये ती युनिक्स प्रणालीत प्रत्यक्षात आणली.

सी भाषेत ‘पाइप’ हे फलन दोन पूर्णांकांच्या सारणीत दोन क्रमांक भरते. त्यांपैकी पहिला वाचनाच्या टोकाचा व दुसरा लेखनाच्या टोकाचा असतो. नंतर ‘फोर्क’ या फलनाने अपत्य-प्रक्रिया निर्माण केली असता दोन्ही टोके जनक व अपत्य या दोहोंकडे उघडी राहतात. जनकाने लिहावयाचे व अपत्याने वाचावयाचे असल्यास जनकाने वाचनाचे आणि अपत्याने लेखनाचे टोक ‘क्लोज’ या फलनाने बंद करणे आवश्यक असते.

हा नियम केवळ नीटनेटकेपणासाठी नाही. नलिका रिकामी असताना वाचणारी प्रक्रिया थांबून राहते. लेखनाची सर्व टोके बंद झाल्यावरच ‘रीड’ हे फलन शून्य हे मूल्य देते व माहिती संपल्याचे कळते. अपत्य-प्रक्रियेने स्वतःकडील लेखनाचे टोक उघडे ठेवल्यास जनकाचे काम संपले तरी ती कायमची अडून राहते. कोठेही त्रुटिसंदेश उमटत नसल्याने हा दोष शोधणे कठीण जाते.

नलिकेची धारणक्षमताही मर्यादित असते; लिनक्स प्रणालीत ती सामान्यतः ६५,५३६ बाइट असते. नलिका भरली की लिहिणाऱ्या प्रक्रियेस थांबावे लागते. त्यामुळे दोन नलिकांद्वारे दुतर्फा संवाद साधणाऱ्या प्रक्रिया परस्परांची वाट पाहत अडकू शकतात. वाचनाची सर्व टोके बंद असताना लेखन केल्यास प्रणाली ‘सिगपाइप’ हा संकेत पाठविते व एरवी लिहिणारी प्रक्रिया तेथेच संपुष्टात येते.

अशी नलिका जनक-अपत्य किंवा समान पूर्वज असलेल्या प्रक्रियांस उपयोगी पडते. असंबंधित प्रक्रियांसाठी फाईलप्रमाणे नाव असलेली नलिका, तर भिन्न संगणकांवरील प्रक्रियांसाठी ‘सॉकेट’ हे साधन वापरतात.