ऐन उन्हाळ्यात गायलेला नाताळ

जुलै 1945. लॉस एंजेलिसच्या टोलुका लेक भागात गीतकार बॉब वेल्स उकाड्याने कासावीस झाला होता. मनाला तरी गारवा मिळावा म्हणून त्याने वहीत हिवाळ्याची चार शब्दचित्रं खरडली. ती वही त्याचा जोडीदार मेल टॉर्मेच्या हाती लागली आणि टॉर्मेच्या सांगण्याप्रमाणे पुढच्या चाळीसेक मिनिटांत ‘द ख्रिसमस साँग’ तयार झालं. त्याच महिन्यात, त्याच परिसरात, तसल्याच काहिलीत सॅमी कान आणि ज्यूल स्टाइन यांनी ‘लेट इट स्नो’ लिहिलं. हिवाळ्याची ही दोन्ही गाणी घामाघूम माणसांनी रचलेली आहेत.

यामागे व्यवहारही होता. तबकडी नोव्हेंबरात दुकानात हवी, तर गायकाने उन्हाळ्यातच गाऊन मोकळं व्हायला हवं. पण नाताळच्या अमेरिकी अल्बमांमधले जे पन्नास-साठ वर्षांनंतरही पुन्हापुन्हा ऐकावेसे वाटतात, त्यांत व्यवहारापलीकडचं काही आहे. जे समोर नाही त्याची ओढ त्यांत ऐकू येते. दिवाळीचा फराळ संपून डिसेंबराची चाहूल लागली की कोणते अल्बम काढावेत, याचं उत्तर या ओढीच्या अंगाने शोधणं सर्वांत फलदायी ठरतं.

सुरुवात अर्थात गायक बिंग क्रॉस्बीच्या ‘मेरी ख्रिसमस’पासून. 1945 साली हा अल्बम पाच तबकड्यांचा संच म्हणून निघाला. त्याचा कणा म्हणजे अर्विंग बर्लिनचं ‘व्हाइट ख्रिसमस’. बर्लिन रशियन साम्राज्यात जन्मलेला ज्यू. पाच वर्षांचा असताना कुटुंबासह न्यूयॉर्कला आलेला. 1928 च्या नाताळच्याच दिवशी त्याचा तान्हा मुलगा दगावला. गाण्यात या दुःखाचा उल्लेख नाही, पण ते कळल्यावर गाणं पूर्वीसारखं ऐकू येत नाही, हेही खरं. मूळ गाण्याच्या आरंभी एक कडवं होतं. त्यात कॅलिफोर्नियातलं लख्ख ऊन होतं, पामची झाडं होती आणि उत्तरेकडच्या घराची आठवण होती. बर्लिनने ते काढून टाकलं. कारण उडालं आणि निव्वळ आठवण उरली. त्यामुळेच ज्याला त्याला ती आपली वाटू लागली.

क्रॉस्बीने हे गाणं रेडिओवर प्रथम गायलं ते 25 डिसेंबर 1941 रोजी. पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याला तेव्हा तीन आठवडेही झाले नव्हते. 29 मे 1942 ला ते ध्वनिमुद्रित झालं आणि दूरदेशी लढणाऱ्या सैनिकांनी लष्करी रेडिओकडे त्याची फर्माइश लावून धरली. क्रॉस्बीचा आवाज इथे कुठेही चढत नाही, गळा काढत नाही. सैनिकांना जवळचं वाटलं असेल ते हेच संयत गाणं. पुढे 29 एप्रिल 1975 रोजी सायगॉनमधल्या अमेरिकी रेडिओवर हेच गाणं वाजलं, तेव्हा तो अमेरिकनांसाठी शहर सोडून निघण्याचा ठरलेला संकेत होता.

गोव्यात किंवा वसईत दारावर कागदी चांदणी टांगून, अंगणात गोठा मांडून हे गाणं ऐकणाऱ्याला आपण उसन्या बर्फाचं गाणं ऐकतोय असं वाटायचं कारण नाही. त्याच्या मूळ कडव्यातही ऊन आणि पामच होते.

नॅट किंग कोलने ‘द ख्रिसमस साँग’ चार वेळा ध्वनिमुद्रित केलं : 1946 मध्ये दोनदा, मग 1953 आणि 1961 मध्ये. पहिल्यांदा केवळ त्याचं तीन वादकांचं त्रिकूट होतं. दुसऱ्या वेळी व्हायोलिनांची साथ हवीच, हा कोलचा आग्रह. आज सर्वत्र वाजतं ते 1961 चं, आणि तेच घ्यावं. आवाज पिकलेला आहे आणि कोलला कसलीच घाई नाही.

एला फिट्झजेराल्डचा ‘एला विशेस यू अ स्विंगिंग ख्रिसमस’ हा 1960 चा अल्बम मात्र वेगळ्या वळणाचा. एकही भक्तिगीत नाही. फ्रँक डी व्होलचा वाद्यवृंद आणि त्यावर लयीशी खेळणारी एला. ‘जिंगल बेल्स’सारखं गुळगुळीत झालेलं गाणंही ती असं उचलते की ते नव्याने कानावर येतं. बारा गाण्यांत तिने ‘गुड मॉर्निंग ब्लूज’ही घेतलं आहे, आणि तेवढ्या एका गाण्यात बाकीच्यांचा उत्साह थबकतो. ज्यांना भक्तिगीतं हवीत त्यांच्यासाठी तिचा 1967 चा ‘एला फिट्झजेराल्ड्स ख्रिसमस’ आहे. तो सुरेल आहे, पण त्यात ती जपून गाते.

आता सर्वांत धगधगता अल्बम. 1963 च्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिसच्या गोल्ड स्टार स्टुडिओत निर्माता फिल स्पेक्टरने ‘अ ख्रिसमस गिफ्ट फॉर यू’ करायला घेतला. त्याची पद्धत अशी : खोलीत अनेक पियानो, अनेक गिटार, तालवाद्यं दाटीवाटीने बसवायची, सगळ्यांना एकदम वाजवायला लावायचं, तो आवाज प्रतिध्वनीच्या वेगळ्या खोलीत सोडायचा आणि तिथून पुन्हा उचलायचा. सुटी वाद्यं विरघळून नादाची एक भिंत उभी राहते. रॉनेट्स, क्रिस्टल्स हे गट आणि डार्लीन लव्ह यांचे तरुण आवाज ती भिंत भेदून बाहेर येतात. अल्बम बाजारात आला 22 नोव्हेंबर 1963 रोजी, राष्ट्राध्यक्ष केनेडींची हत्या झाली त्याच दिवशी. शोकात बुडालेल्या देशाला त्या वर्षी असला जल्लोष नको होता.

यातलं एकच गाणं खास या अल्बमसाठी रचलेलं होतं : ‘ख्रिसमस (बेबी प्लीज कम होम)’. सगळीकडे रोषणाई आहे आणि हवं ते माणूस नाही, एवढाच त्याचा विषय. डार्लीन लव्ह ते गाते तेव्हा शेवटाकडे आर्जवाचा आकांत होतो. हीच गायिका आदल्या वर्षी ‘हीज अ रेबेल’ गायली होती आणि स्पेक्टरने ते क्रिस्टल्सच्या नावावर खपवलं होतं. 2009 मध्ये स्पेक्टर अभिनेत्री लाना क्लार्कसनच्या खुनाबद्दल दोषी ठरला. 2021 मध्ये कैदेत असतानाच मेला. म्हणून अल्बम टाकून द्यावा का? त्याचा प्राण त्या मुलींच्या गळ्यात आहे आणि न्यायाने तो त्यांचाच आहे. डार्लीन लव्हने 1986 पासून 2014 पर्यंत डेव्हिड लेटरमनच्या टीव्ही कार्यक्रमात नाताळच्या सुमारास ‘बेबी प्लीज कम होम’ गाऊन ते स्वतःचं करून टाकलं.

एकच अल्बम घ्यायचा असेल तर तो व्हिन्स ग्वाराल्डीचा ‘अ चार्ली ब्राउन ख्रिसमस’, 1965. निर्माता ली मेंडेलसनने टॅक्सीतून गोल्डन गेट पूल ओलांडताना रेडिओवर ग्वाराल्डीचा पियानो ऐकला आणि ‘पीनट्स’ या चित्रमालिकेवरच्या माहितीपटासाठी त्याला गाठलं. पुढे नाताळच्या कार्टूनपटालाही त्याचंच संगीत आलं. मुलांच्या कार्यक्रमाला जॅझ? वाहिनीचे अधिकारी नाखूश होते. 9 डिसेंबर 1965 ला तो दाखवला गेला आणि त्या वेळी टीव्ही पाहणाऱ्यांपैकी जवळपास निम्मे लोक तोच पाहत होते. ‘ख्रिसमस टाइम इज हिअर’साठी सान राफाएलच्या सेंट पॉल चर्चमधली मुलं आणली होती. त्यांचे सूर कुठे कुठे किंचित ढळतात, आणि ते तसेच राहू दिले हे फार बरं झालं. आनंदाचे शब्द ज्या सुरावटीवर बसवलेत ती उदास आहे; सणाच्या दिवसांत एकट्या पडलेल्या मुलाची ती मनःस्थिती आहे. ग्वाराल्डी 1976 मध्ये अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी गेला.

ऐकण्याआधी दोन गोष्टी पाहून घ्याव्यात. स्पेक्टरचा अल्बम मोनोतच ऐकावा, कारण ती नादाची भिंत मोनोसाठीच बांधलेली आहे. आणि ‘व्हाइट ख्रिसमस’ म्हणून सहसा कानावर येतं ते मार्च 1947 चं ध्वनिमुद्रण. मूळ साचा प्रती काढून काढून झिजल्यामुळे क्रॉस्बीला तेच गाणं त्याच साथीदारांसह पुन्हा गावं लागलं होतं. 1942 चं हवं असेल तर साल तपासूनच निवडावं.